पुढचं घर

एकतीस वर्षं मी भिंतींवर तारखा लिहिल्या,
गेरूनं, दाराच्या उजव्या अंगाला :
घर क्रमांक, खोल्या, फवारणी झाली.
पाठीवर पंप, नाकाला रुमाल,
आणि हिवतापाच्या ऑफिसात, चोपड्याला,
माझ्या आधी हजर होणारा माझा खोकला.

सातपुड्यातल्या एका पाड्यावर
रायलीबाई बारेला दारात आडवी उभी राहिली.
चुलीची बाजू नाही, कणगी तर नाहीच, म्हणाली.
म्हणजे बोटानंच म्हणाली; तिची बोली मला येत नव्हती
आणि माझी मराठी तिला सरकारी वाटत असावी.
कणगीतल्या ज्वारीवर निर्गुडीचे डहाळे,
आढ्याला सीताफळाच्या पाल्याची जुडी,
शेळ्यांपाशी धुमसतं शेणकूट, त्यावर ओला पाला.
मी रजिस्टरात लिहिलं : नकार.
त्या रात्री शाळेच्या ओट्यावर झोपलो
तर तिच्या अंगणातला धूर थोडा माझ्याकडंही आला.
ते मी कुठंच लिहिलं नाही.

आता पेन्शन आहे, आणि गोडेतेलाचे सहा रिकामे डबे.
सब्जा. गवती चहा, मुलीनं यावलहून आणलेला.
पुदिना मे महिन्यात जळतो,
दरसाल जळतो, दरसाल मी लावतो.
झेंडू निर्माल्यातून आपोआप उगवला.
आणि निर्गुडी, जिला डबा पुरला नाही :
तळाचा पत्रा फोडून मोरीच्या ओलीत उतरली.

दिवेलागणीला कूलरच्या टाकीत डोकावतो. जुनी खोड.
वाळ्याच्या जाळीखाली अळ्या दिसल्या,
स्वल्पविरामांसारख्या, वळवळणाऱ्या,
की सगळं पाणी झेंडूच्या डब्यात.
खरं सांगतो, पाल्यावर सगळं सोपवू नये.
वास पहारा देतो, झाडलोट करत नाही.

आमच्या पंपाला एकच शब्द येत होता.
निर्गुडी चुरगळून पोटऱ्यांना चोळली
तर ती डासाला एवढंच म्हणते :
इथं नको रे बाबा,
पुढचं घर बघ.

पुढचं घर हिलाल शिंप्याचं.
रात्री नऊला मशीन थांबवून तो आला,
गळ्यात टेप, एका पायानं दुसरा खाजवत :
'तुना मच्छर मना घर उनात ना, भो!'
हसलो दोघं. मग तो गेला
आणि मला झोप येईना.
मेलेले मी आयुष्यभर मोजले.
हाकललेले कुठं जातात
हा रकाना फॉर्मात नव्हता.

सकाळी निर्गुडीची कलमं केली, वीतभर एकेक.
एक हिलालला. त्याच्या पुढच्या सायकलवाल्या रज्जाकला एक,
त्यानं बदली म्हणून पानओवा दिला, जाड पानांचा,
आणि एक जुनी ट्यूब, घट्ट बांधायला, म्हणाला.
मुकादमाच्या बायकोनं आधी नावच विचारलं,
मग म्हणाली, वास उग्र आहे. म्हटलं, हो.
असं करत घरोघर, दुपारपर्यंत.

गल्लीच्या टोकाला घर नाही.
पालिकेनं खणून विसरलेला खड्डा,
आणि काठावर केळी भरणाऱ्या मजुरांची तीन पालं.
एक पोरगी भाकरी थापत होती.
माझ्या हातातलं शेवटचं कलम बघून
तिनं त्याचं नाव घेतलं, तिच्या बोलीतलं,
आणि डब्यात लावतात हे ऐकून खूप हसली.
लावून काय करू, म्हणाली, पंधरा दिवसांनी ट्रक येईल.
पानं तेवढी ओरबाडून तिनं चुलीच्या कडेला ठेवली
आणि काडी मला परत दिली.

ती मी खड्ड्याच्या काठावर खोचली.
घरून जळकं ऑइल आणलं, पाण्यावर ओतलं,
दिवसभराचा सगळा सज्जनपणा एका तवंगात.
सवयीनं हात खिशात गेला, गेरूसाठी.

पालांना भिंत नसते.
धूर मात्र होता, थोडा,
आणि तो गल्लीकडं, मागं, घरांवरून येत होता.